पाण्याला वाट हवी

माझी गाडी २००५ सालची. इंजिन अजून ठणठणीत, पण पावसाळा लागला की आत कोंदट वास आणि ब्रेक दाबला की सीटखाली डुबुक असा आवाज. पुण्याच्या पावसात या गाडीशी झटापट करताना जे उमगलं ते लिहितेय. मी मेकॅनिक नाही, हे वाचता वाचता कळेलच.

१. पाणी जिथे साचतं, तिथून ते आलेलं नसतं. माझं तळं मागच्या सीटपुढे असायचं, त्यामुळे संशय मागच्या दारांवर. सोसायटीतली माझी पार्किंगची जागा जराशी उतरती आहे. एकदा घाईत गाडी उलट्या तोंडाने लावली, तर सकाळी तळं पुढे! पाणी येत होतं डॅशबोर्डमागून, वायरींच्या जुडग्यावरून ओघळत; मुक्काम कुठे करायचा ते उतार ठरवत होता.

२. कार्पेट वरून कोरडं लागलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. कुशनवाल्याने सीट काढली, कार्पेटचा कोपरा उचलला आणि खालचा फेल्टचा जाड थर मुठीत धरून पिळला. चहाचा कप भरेल एवढं पाणी निघालं. मी रोज दारं उघडी टाकून गाडीला ऊन देत होते. वाळत होता फक्त वरचा पापुद्रा. खाली पत्र्यावर तांबेरा धरायला लागला होता. शेवटी सगळं सोडवून गच्चीवर टाकलं.

३. पाऊस नसला तरी गाडी ओली होते. भर मे महिन्यात डाव्या सीटवाल्याचे पाय भिजले, तेव्हा मी त्याच्याच पाण्याच्या बाटलीकडे संशयाने पाहिलं. एसी हवेतला दमटपणा काढतो, ते पाणी एका नळीतून गाडीखाली पडायला हवं. नळी धुळीने तुंबली की ते आत उतरतं. आजवर एसी चालू असताना गाडीखाली थेंब दिसले की मला धास्ती वाटायची. आता नाही दिसले तर वाटते. तेच पाणी चिकट असेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर मात्र हीटरमधून कूलंट गळतंय. ते दुखणं वेगळं.

४. दार पाणी आत घेतंच, ते तसंच बनवलेलं असतं. मला सर्वांत चकित केलं ते याने. काचेवरून ओघळणारं पाणी बाहेरच्या रबरी पट्टीला चुकवून दाराच्या पोकळीत शिरतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं. ते केबिनमध्ये येऊ नये म्हणून दाराच्या आतल्या पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट ब्युटिलने चिकटवलेला असतो. आधीच्या मालकाने हौसेने मोठे स्पीकर बसवले, त्यात तो टराटरा फाटलेला. तळाची भोकं मातीने बुजलेली. ती खराट्याच्या काडीने मोकळी झाली. तोवर मी सिलिकॉनची नळी हातात घेऊन दिसेल ती फट बुजवायला निघाले होते. आंबूस वासाच्या सिलिकॉनने पत्र्याला गंज चढतो, हेही नंतर कळलं.

५. सावलीची किंमत मोजावी लागते. वायपरखालच्या जाळीच्या आत एक पन्हळ असते. काचेवरचं पाणी तिच्यातून दोन्ही बाजूंना जातं. मी गाडी लावते गुलमोहराखाली, आणि त्याची पानं इतकी बारीक की जाळी त्यांना अडवतच नाही. जाळी काढली तर आत काळा चिखल आणि त्यात पिंपळाचं दोन पानांचं रोप. वाट बंद झाल्यावर पाणी चढत चढत ब्लोअरच्या तोंडाशी पोचायचं आणि तिथून थेट आत.

६. गळती शोधायला दोन माणसं लागतात. आत टॉर्च घेऊन मुलगा, बाहेर पाइप घेऊन मी. सगळ्या गाडीवर एकदम पाणी मारलं तर काहीच कळत नाही. खालून सुरुवात करायची, एकेका जागी थोडा वेळ धार धरायची, मग वर सरकायचं. सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली की ओघळ लगेच उमटतो. काचा बंद, त्यामुळे मुलाचा आवाज मला येत नव्हता. काच ठोठावून तो ‘थांब’ म्हणत होता आणि मी त्याला ‘चालू दे’ समजत होते.

७. हे काम गॅरेजवाल्यांना नको असतं, आणि त्यांचंही खरं आहे. पार्ट बदलायचा नाही, नुसतं तासन्‌तास शोधायचं. त्याचं बिल कसं करणार? “काकू, पत्रा सडला की आणा, वेल्डिंग मारून देतो,” असं एकाने प्रेमाने सांगितलं. मला लागला तो खर्च म्हणाल तर ब्युटिलचा आणि प्लास्टिकच्या कागदाचा. बाकी नुसत्या तुंबलेल्या वाटा मोकळ्या केल्या. आता मृगाआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, जाळी, दारांची भोकं आणि एसीची नळी साफ करते.

डिकीत स्टेपनीच्या खळग्यात अजून थोडं पाणी येतं. मागच्या दिव्याचं गॅस्केट असावं असा माझा अंदाज आहे, पण माझ्या अंदाजांचा इतिहास तुम्ही वाचलातच. मुलाला सुट्टी मिळाली की पाइप लावून बघू.