दुसरं काडतूस आत जातं कसं?

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. आफ्रिकेतलं गवताळ रान, समोर ३० मीटरवर जखमी रानरेडा. पहिली गोळी लागली आहे, पण तो पडलेला नाही. उलट तुमच्याच दिशेने धावत येतोय. वेग ताशी ५० किलोमीटर धरला तर सेकंदाला सुमारे १४ मीटर. म्हणजे तुमच्या हातात उरले दोन सेकंद! तेवढ्यात रायफलचा बोल्ट उचलून मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर फेकायची, नवीन काडतूस आत ढकलायचं आणि बोल्ट बंद करायचा. आता सांगा, गोळी किती ताकदीची आहे याला महत्त्व, की दुसरं काडतूस न अडकता आत जातं याला?

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते उत्तमच झालं. पण दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात पर्यटकांना पायी फिरवणारे वाटाडे आजही अशा रायफली जवळ बाळगतात. म्हणून या लेखात शिकार बाजूला ठेवून आपण फक्त त्यातलं मेकॅनिझम बघू.

सुरुवात मॅगझिनपासून. हा तसा साधा पत्र्याचा डबा, खाली स्प्रिंग, तिच्यावर फॉलोअर आणि वर दोन रांगांत एकाआड एक बसलेली काडतुसं. डब्याची रुंदी किती ठेवायची? इथे आपली अकरावीची त्रिकोणमिती कामाला येते. एकमेकांना टेकलेल्या तीन काडतुसांचे मध्यबिंदू जोडले की समभुज त्रिकोण होतो. काडतुसाचा व्यास D धरला, तर दोन रांगांच्या मध्यरेषांमधलं अंतर D गुणिले कोसाइन ३० अंश, म्हणजे ०.८६६D. त्यात दोन्ही बाजूंची अर्धी-अर्धी जाडी मिळवा, की रुंदी येते १.८६६D.

.४१६ रिग्बी हे १९११ सालचं काडतूस घ्या. बुडाशी व्यास सुमारे १५ मिमी, म्हणून डब्याची रुंदी हवी २८ मिमी. खांद्यापाशी व्यास १३.७ मिमी, तिथे रुंदी हवी साधारण २५.६ मिमी. म्हणजे डबा चौकोनी नाही, पुढे निमुळता! रुंदी जास्त झाली तर काडतुसं पाचरीसारखी एकमेकांत घुसून भिंतींवर दाबतात आणि स्प्रिंगचा जोर घर्षणातच वाया जातो. कमी झाली तर ती एकावर एक चढतात आणि वरचं काडतूस आपल्या बाजूच्या कडेखाली नीट दाबलं जात नाही. एका काडतुसासाठी केलेल्या डब्यात दुसरं जाड काडतूस "बसतंय की" म्हणून कोंबलं, तर पुढे ते कधीतरी दगा देणारच.

आता बोल्टकडे वळू. इथे दोन पद्धती आहेत. पहिलीत बोल्ट काडतुसाला फक्त मागून ढकलतो. काडतूस मॅगझिनच्या कडेतून सुटलं की चेंबरमध्ये शिरेपर्यंत ते मोकळंच असतं. बोल्ट पूर्ण बंद होताना एक्स्ट्रॅक्टर त्याची कड पकडतो. समजा घाईत तुम्ही बोल्ट अर्धा पुढे नेला, "गेलं का आत?" अशी शंका आली म्हणून मागे ओढला आणि पुन्हा ढकलला. पहिलं काडतूस पुढेच पडलेलं, त्याच्या पाठीत दुसरं येऊन बसलं. झालं ना ट्रॅफिक जाम!

दुसरी पद्धत पॉल माउझर यांच्या १८९८ च्या लष्करी रायफलमुळे प्रसिद्ध झाली. तिच्या बोल्टला एक लांब पोलादी पट्टी असते, टोकाला नखासारखा आकडा. बोल्ट फिरतो, पण पट्टी फिरत नाही. कारण ती कॉलरने बसवलेली असते. काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच त्याची कड या आकड्याखाली सरकते. तिथून पुंगळी बाहेर फेकली जाईपर्यंत काडतूस आकड्याच्या ताब्यात. अर्ध्यातून बोल्ट मागे ओढला तर काडतूसही मुकाट्याने मागे येतं. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यावर १९०७ साली जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रिग्बी रायफल याच माउझर यंत्रणेवर बांधलेली होती.

मग सगळेच हे का वापरत नाहीत? कारण पहिली पद्धत बनवायला सोपी आणि स्वस्त आहे, आणि तिच्यात बोल्टचं तोंड काडतुसाच्या बुडाला सगळीकडून वेढून घेतं. माउझर पद्धतीत काडतूस मॅगझिनमधूनच यावं लागतं. एखादं थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट दामटला तर आकडा मोडूही शकतो. अमेरिकेतल्या विंचेस्टरने १९६४ साली आपल्या मॉडेल ७० मध्ये खर्च वाचवण्यासाठी पहिली पद्धत आणली. गिऱ्हाइकं नाराज झाली आणि १९६४ पूर्वीच्या जुन्या रायफलींना जास्त भाव येऊ लागला. शेवटी १९९० च्या दशकात कंपनीने जुना आकडा परत आणला.

काडतुसाचा आकारही मदत करतो. १९१२ सालचं .३७५ हॉलंड अँड हॉलंड लांबट आणि चांगलं निमुळतं आहे. त्यामुळे ते चेंबरमध्ये सहज घसरत जातं आणि उडवल्यावर सहज सुटतं.

आता गंमत अशी, की एवढं सगळं असूनही घाबरलेल्या माणसाने बोल्ट पुरेसा मागे ओढलाच नाही, तर पुंगळी बाहेर पडत नाही आणि नवीन काडतूसही उचललं जात नाही. तिथे माउझरसुद्धा काही करू शकत नाही, तिथे फक्त सराव! म्हणून जाणकार माणूस रानात जाण्याआधी मॅगझिन पूर्ण भरून, हळू, जोरात, जी काडतुसं न्यायची तीच वापरून रायफल तपासतो.

आपण प्रोजेक्टचं मॉडेल टेबलावर ठेवून, सावकाश, सरांसमोर एकदा चालवून दाखवतो आणि "वर्किंग" म्हणून शिक्का मिळवतो. पुढच्या वेळी ते मॉडेल एखाद्या घाईत असलेल्या, हात थरथरणाऱ्या मित्राच्या हाती देऊन बघा. तिथे चाललं, तर ते खरं चाललं!