गाळणीचे गणित

दही फडक्यात बांधून टांगले म्हणजे प्रारंभी पाणी भराभर गळते. पुढे थेंब विरळ होत जातात. फडके तेच असता वेग का मंदावतो? कारण फडक्यावर साचलेला घन पदार्थाचा थर हाच पुढे खरी गाळणी बनतो. साखर, रंग, औषधे यांच्या कारखान्यांतही घन व द्रव वेगळे करताना हाच अनुभव येतो.

या क्रियेचा मूळ नियम आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली, दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याविषयीच्या ग्रंथात मांडला. वाळूच्या थरातून झिरपणाऱ्या पाण्याचा वेग दाबातील फरकाच्या सम प्रमाणात, तर थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो.

कारखान्यातील गाळणीत हा थर सतत वाढत असतो. दाब कायम असल्यास थराचा विरोध गळलेल्या द्रवाच्या प्रमाणात वाढतो. कापडाचा विरोध मात्र स्थिर राहतो. म्हणून एकूण वेळेस द्रवाच्या आकारमानाने भागले असता येणारा भागाकार सरळ रेषेत वाढतो.

समजा, प्रयोगशाळेतील लहान गाळणीतून १, २ व ३ लिटर द्रव गळण्यास अनुक्रमे ३, १० व २१ मिनिटे लागली. भागाकार ३, ५ व ७ येतात. याच क्रमाने १० लिटरांचा भागाकार २१, म्हणजे वेळ २१० मिनिटे. पहिल्या लिटरावरून ३० मिनिटांचा अंदाज करणारा फसला असता! आता गाळणीचे क्षेत्रफळ चौपट करा. प्रत्येक चतुर्थांशाच्या वाट्यास अडीच लिटर येतात. भागाकार ६ व वेळ अवघी १५ मिनिटे.

मग केवळ दाब वाढवून भागणार नाही काय? कण मऊ असल्यास ते दबून थरातील छिद्रे बुजतात व लाभ घटतो. म्हणूनच साखर कारखान्यात उसाच्या रसातील मळी गाळताना तीत चिपाडाचा बारीक भुसा मिसळतात; त्यायोगे थर सच्छिद्र राहतो.

गाळणी थांबवून साफ केव्हा करावी, हेही गणितच सांगते. कापडाचा विरोध नगण्य असेल, तर गाळण्यास व साफ करण्यास सारखाच वेळ दिला असता दिवसाकाठी सर्वाधिक द्रव मिळतो. याहून अधिक वेळ गाळीत राहणे म्हणजे जाड थराशी व्यर्थ झगडणे होय.