हेडलॅम्प पारखावा तो मंद उजेडात

वेलिंग्टनला जूनमध्ये पाचच्या आसपास सूर्य मावळतो, आणि तरारुआ डोंगररांगेतल्या बीच वृक्षांच्या दाट रानात त्याच्याही आधी पायाखालचं दिसेनासं होतं. सह्याद्रीत ट्रेक करत वाढलेल्या माझ्यासारखीला थंडीतही सहापर्यंत उजेड गृहीत धरायची सवय होती. इथे हेडलॅम्प पिशवीत कायमचाच असतो. इतकी वर्षं इथल्या डोंगरांत फिरून माझं एक ठाम मत झालं आहे: दुकानात सगळे दिव्याची प्रखरता बघतात, पण दिवा चांगला की वाईट हे कळतं त्याच्या सर्वांत मंद उजेडावरून. रात्रीचे बहुतेक तास आपण त्याच उजेडात काढतो.

१. खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा सर्वांत शेवटी वाचावा.

हेडलॅम्पच्या मोजमापासाठी २००९ मध्ये अमेरिकेत 'एफएल-१' हे मानक आलं, आणि बऱ्याच नावाजलेल्या कंपन्या त्यानुसारच आकडे छापतात. ते नेमकं काय मोजतं हे माहीत असलं की फसगत टळते. प्रकाश मोजतात तो दिवा लावल्यावर अर्ध्या ते दोन मिनिटांत, म्हणजे सेल अगदी ताजे असताना. दिवा किती तास चालतो हे सांगताना उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ धरतात. त्यातल्या शेवटच्या तासांत आपण जवळपास चाचपडत असतो. आणि 'इतके मीटर' म्हणजे प्रकाश पौर्णिमेच्या चांदण्याएवढा क्षीण होतो तिथपर्यंतचं अंतर. एकाच खोक्यावर ४०० ल्युमेन आणि ४० तास असं छापलेलं असलं, तरी दोन्ही एकदम मिळत नाहीत.

शिवाय प्रकाश चौपट केला तरी तो पोचतो दुप्पटच अंतरावर. सेल मात्र चौपट वेगाने संपतात. म्हणून मी दुकानदाराला एकच विचारते: शंभरच्या आत ल्युमेन ठेवले, तर उजेड न ढळता हा किती तास चालेल? ज्या दिव्यात विजेचं नियमन नीट केलेलं असतं तो शेवटपर्यंत एकसारखा जळतो आणि संपत आल्याची सूचना देतो. तसं नियमन नसलेला दिवा पहिल्या तासापासूनच हळूहळू विझत असतो, आणि डोळे सरावत गेल्यामुळे ते आपल्या लक्षातही येत नाही.

प्रखर झोताला माझा विरोध नाही. रानात वाट दाखवणारे नारिंगी त्रिकोण झाडांवर ठोकलेले असतात. पुढचा त्रिकोण सापडेना, तेव्हा दूरवर जाणारा अरुंद झोत हवाच. आओराकी माउंट कुकवर लिंडा हिमनदीच्या वाटेने चढणारे गिर्यारोहक प्लॅटो हटमधून मध्यरात्रीच्या सुमारास निघतात. हिमनदीतल्या भेगांमधून वाट काढायची असते, तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही. पण असा झोत काही क्षण वापरायचा असतो.

२. लाल दिवा थेट लागला पाहिजे.

न्यूझीलंडच्या डोंगरांत सरकारच्या निसर्गसंवर्धन खात्याच्या साडेनऊशेहून अधिक हट आहेत. तरारुआमधली फील्ड हट १९२४ सालची, तरारुआ ट्रॅम्पिंग क्लबने बांधलेली. अशा हटमध्ये एका लांब फळीवर शेजारीशेजारी गाद्या टाकलेल्या असतात आणि अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून झोपतात. कोणी रात्री उशिरा भिजून येतो, कोणी पहाटे निघतो. अशा वेळी लाल दिव्यापर्यंत पोचण्यासाठी आधी पांढऱ्या प्रकाशाच्या तीन पायऱ्या ओलांडाव्या लागत असतील, तर सगळी फळी जागी होते. बटण दाबून धरलं की थेट लालच लागेल, असा दिवा घ्यावा. आणि कोणाशी बोलताना दिवा कपाळावरून खाली झुकवावा. आपण ज्याच्याकडे बघतो त्याच्या डोळ्यांत झोत जातो, हे दिवा लावणाऱ्याला कधीच दिसत नाही.

३. लाल प्रकाशावर सगळं सोपवू नये.

इथल्या 'टोपो-५०' नकाशांवर उंचीच्या रेषा तांबूस नारिंगी रंगात छापलेल्या असतात. लाल उजेडात त्या कागदात विरून जातात, आणि कड्याची धार सपाट मैदानासारखी दिसते. वाटेच्या त्रिकोणांचा नारिंगी रंगही असाच हरवतो. त्यामुळे दोन-चार ल्युमेनचा अगदी बारीक पांढरा उजेड देणारी पायरी मला लाल दिव्याहूनही मोलाची वाटते. नकाशा वाचणं, तंबूत सामान शोधणं, चहाचं पाणी ठेवणं, सगळं तेवढ्यावर भागतं.

४. रात्र आपल्या एकट्याची नसते.

वेलिंग्टनच्या कारोरी उपनगरात झीलँडिया हे अभयारण्य आहे, शिकारी प्राण्यांना अडवणाऱ्या ८.६ किलोमीटरच्या कुंपणाने वेढलेलं. तिथे २००० साली लहान ठिपकेदार किवी आणून सोडले, आणि आज ते शहराच्या बसमार्गापासून हाकेच्या अंतरावर नांदतात. रात्रीच्या सहलीला तिथे लाल टॉर्च देतात. त्या उजेडात किवी आपली लांब चोच मातीत खुपसत निवांत फिरतो. पांढरा झोत पडला की झुडपात नाहीसा होतो. तो पक्षी समोरून चालत गेल्याचं ज्याने पाहिलं, त्याला मंद दिव्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

वाटेतल्या ओलसर दरडींवर चमकणाऱ्या अळ्यांचंही तसंच. त्यांच्यावर उजेड पडला की त्या आपला प्रकाश आवरून घेतात, आणि भक्ष्याला आकर्षून घेण्याचं त्यांचं काम थांबतं. १८८७ मध्ये माओरी प्रमुख ताने तिनोराऊ आणि सर्वेक्षक फ्रेड मेस वायटोमोच्या गुहेत शिरले ते हरकेके नावाच्या वनस्पतीच्या दांड्यांचा तराफा आणि मेणबत्त्या घेऊन. डोक्यावरचं अशाच अळ्यांचं निळसर तारांगण त्यांना दिसलं, ते हातातला उजेड तेवढा कमी होता म्हणूनच, असं मला वाटतं.

खऱ्या तारांगणालाही हाच नियम लागू होतो. टेकापोच्या परिसरातलं आओराकी मॅकेन्झी हे २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेलं अंधाराचं राखीव क्षेत्र आहे. महाराष्ट्रातून जवळजवळ कधीच न दिसणारे मॅगेलनचे दोन्ही मेघ तिथे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, आणि मृग नक्षत्र उलटं लटकलेलं असतं. पण अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि शेजाऱ्याच्या एका प्रखर झोताने ती सगळी मेहनत जाते. इथे प्रखर दिवा लावणं मला उद्धटपणाचं वाटतं.

५. धुक्यात दिवा कपाळावरून काढावा.

धुक्याचे कण प्रकाश परत डोळ्यांकडे फेकतात. उजेड वाढवला की समोरची पांढरी भिंत आणखी जाड होते. दिवा मंद करून हातात, कमरेच्या उंचीवर धरला की पायवाटेवरची मुळं आणि दगड यांच्या सावल्या उठून दिसतात. पट्ट्यातून सहज सुटणारा दिवा असावा तो यासाठी.

६. थंडी आणि पाऊस यांची चाचणी घरीच घ्यावी.

मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा मीटरहून अधिक पाऊस पडतो. महाबळेश्वरचा पाऊस पाहिलेल्यांनीही तिथे दिव्याच्या रबरी झाकणाकडे नीट बघावं. आयपीएक्स-४ म्हणजे चोहीकडून उडणारं पाणी सोसेल. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहील. ओढ्यांच्या या देशात मला दुसरा बरा वाटतो.

थंडीत साध्या अल्कलाइन सेलची ताकद झपाट्याने उतरते, आणि चार्ज करायचे लिथियम-आयनही मंदावतात. एकदाच वापरायचे लिथियम सेल उणे ४० अंशांपर्यंत काम देतात. महाग आहेत, पण हिवाळ्यात मी तेच नेते. चार्ज होणारा दिवा असेल तर रात्री तो झोपायच्या पिशवीत, पायांपाशी ठेवावा. मुंबईहून येणाऱ्यांसाठी एक सूचना: सुटे लिथियम सेल विमानात हातातल्या सामानातच न्यावे लागतात.

७. बटण बाबांना जमलं पाहिजे.

साताऱ्याहून आईबाबा आले होते, तेव्हा आम्ही त्यांना झीलँडियाला नेलं आणि परतीच्या अंधाऱ्या वाटेसाठी माझ्याकडचा बऱ्याच पायऱ्यांचा दिवा बाबांना दिला. एकदा दाबलं तर हे, दोनदा दाबलं तर ते, दाबून धरलं तर तिसरंच. बाबा म्हणाले, "अगं, मला फक्त पायाखालचं दिसू दे, बाकी सगळं तुला ठेव." आईने हातातला जुना, एका बटणाचा दिवा त्यांच्या डोक्याला बांधला आणि प्रश्न मिटला. थंडीने बोटं बधिर झाली, वर लोकरीचे हातमोजे असले, की तरुण माणसाची अवस्थाही तीच होते. दुकानात दिवा डोळे मिटून, हातमोजे घालून लावून बघावा. बटणाला कुलूप असावं. नाहीतर तो पिशवीत दिवसभर जळत राहतो.

८. उजेड आहे म्हणून नदी ओलांडू नये.

एकोणिसाव्या शतकात इथल्या नद्यांनी इतके बळी घेतले, की बुडून मरण्याला 'न्यूझीलंडचं मरण' म्हणत. हेडलॅम्पचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होतो. तळ दिसत नाही, वेगाचा अंदाज येत नाही, वाहत येणारा ओंडका अगदी जवळ आल्यावर कळतो. चढलेलं पाणी बहुधा पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतं. दिवा वापरायचा तो काठापासून वर, सुरक्षित जागी आडोसा उभारायला. प्रखर दिव्यांबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे: ते माणसाला थांबू देत नाहीत.

९. दिव्याची घरची जागा उशाशी.

१४ नोव्हेंबर २०१६ रोजी मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर काइकोउराचा ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. वेलिंग्टनही जोरात हादरलं, आणि त्सुनामीच्या इशाऱ्यामुळे किनाऱ्यालगतची माणसं अंधारात टेकड्यांकडे निघाली. अशा रात्री एका हातात मूल, दुसऱ्या हातात जिन्याचा कठडा असतो. टॉर्च धरायला तिसरा हात नसतो. आमच्या घरी प्रत्येकाच्या पलंगापाशी बूट आणि हेडलॅम्प ठेवलेले असतात, आणि घड्याळं एक तास पुढे-मागे करायची वेळ येते त्या दोन रविवारी मी सगळे दिवे तपासते.

१०. दुसरा दिवा आणि सहा झोत.

गुहेत उतरणारे माणशी तीन स्वतंत्र प्रकाशसाधनं नेतात. डोंगरात दोन पुरतात: एक मुख्य आणि एक चिमुकला, काही ग्रॅमचा, ज्याच्या उजेडात पहिल्याचे सेल बदलता येतील. मदत मागायची डोंगरातली एक प्रचलित खूण आहे: मिनिटाला सहा झोत, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर येतं मिनिटाला तीन झोतांचं. ते दिसल्यावरही आपली खूण बंद करायची नाही, शोधणारे तिच्याच दिशेने येत असतात. आणि हे झोत मात्र दिव्यात असेल नसेल त्या सगळ्या ताकदीने द्यायचे.