निरोप

पूर्वी पुलगावहून आर्वीपर्यंत अरुंद रुळांची छोटी आगगाडी धावत असे. त्या काळातील, आर्वीजवळच्या खेड्यातील एका घराची कल्पना करा. घरचा कर्ता पुरुष वर्ध्याच्या दवाखान्यात होता. सोमवारी एक गावकरी त्यास भेटावयास गेला. रोगी म्हणाला, "मला उद्या येथून सोडणार आहेत. पोराला सांगा, उद्या सायंकाळी बैलगाडी घेऊन आर्वीच्या स्टेशनवर ये." गावकरी रात्री पुलगावास मुक्कामाला राहिला आणि मंगळवारी सकाळी गावी पोचला. मुलाला तो म्हणाला, "तुझ्या वडिलांचा निरोप आहे, उद्या सायंकाळी बैलगाडी घेऊन आर्वीच्या स्टेशनवर ये."

त्याच दिवशी सायंकाळी वडील आर्वीस उतरले. स्टेशनवर कोणीच नव्हते. तापातून उठलेला तो मनुष्य रात्रभर तेथेच बसून राहिला.

गावकऱ्याने एकही शब्द बदलला नव्हता, आणि नेमके तेच चुकले. 'उद्या' हा शब्द बोलणाऱ्याच्या दिवसाला बांधलेला असतो. सोमवारचा 'उद्या' मंगळवारी 'आज' होतो. 'मी', 'तू', 'येथे', 'हा', 'काल' हे शब्दही असेच आहेत. बोलणारा, स्थळ अथवा वेळ पालटली की त्यांचा अर्थ पालटतो. गावकऱ्याने असे सांगावयास हवे होते: "तुझ्या वडिलांना आज तेथून सोडणार आहेत. तू आजच सायंकाळी बैलगाडी घेऊन स्टेशनवर जावेस, असे त्यांनी सांगितले आहे." येथे 'ये' ही आज्ञा जाऊन 'जावेस' हे विध्यर्थी रूप आले, हेही लक्षात घ्या.

बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणचिन्हांत देणे म्हणजे प्रत्यक्ष कथन. त्यांचा आशय आपल्या वाक्यात गुंफून सांगणे म्हणजे अप्रत्यक्ष कथन. इंग्रजी शिकताना हा भाग मुलांना फार कठीण वाटतो. त्याचे कारण मराठीतच आहे. 'तो म्हणाला की मी उद्या येईन' असे आपण सहज बोलतो. आर्वीकडच्या घरगुती बोलीत तर 'की'च्या जागी 'का' येतो, एवढाच फरक. येथे 'मी' म्हणजे 'तो', हे ऐकणारा संदर्भाने जाणतो. हेच वाक्य शब्दशः इंग्रजीत नेऊन विद्यार्थी लिहितो, 'ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो'. इंग्रज माणूस समजतो की निरोप सांगणारा स्वतःच येणार आहे! कारण इंग्रजीत 'दॅट' आले की 'आय' हा सांगणाऱ्याचाच होतो. तेथे 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे' असेच म्हणावे लागते. सर्वनाम पालटले, दिवस पालटला, आणि मुख्य क्रियापद भूतकाळी असल्यामुळे 'विल'चे 'वुड' झाले. काळाची ही ओढ मराठीत नाही. म्हणून तेथेच अधिक चुका होतात. मात्र 'पृथ्वी सूर्याभोवती फिरते' यासारखे नित्य सत्य सांगताना इंग्रजीतही काळ बदलण्याचे कारण नाही.

मराठीने या अडचणीवर स्वतःचा एक सुंदर उपाय योजला आहे. 'त्याने कळविले की आपण उद्या येणार नाही.' येथे 'आपण' म्हणजे कळविणारा स्वतः. 'तो' म्हटले असते तर तो कोण, हा प्रश्न उरला असता. 'मी' म्हटले असते तर घोटाळा झाला असता. लेखनात हा 'आपण' अलीकडे विरळ होत चालला आहे. तो टिकावयास हवा.

दुसऱ्याचे बोलणे नीट पोचविण्याची काळजी मराठीला नवी नाही. आर्वी तालुक्याच्या पश्चिमेस वर्धा नदी वाहते. नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर हे गाव आहे. तेथे सुमारे १२७८ साली म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. श्रीचक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिले आणि ऐकले होते, त्यांना विचारून विचारून त्यांनी आठवणी गोळा केल्या. स्वामींचे बोलणे त्यांनी बहुधा प्रत्यक्ष कथनातच मांडले. त्या काळी अवतरणचिन्हे नव्हती. ती इंग्रजीतून आली, आणि एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रूढ केली. त्यापूर्वी बोलणे कोठे सुरू झाले आणि कोठे संपले, हे 'म्हणे', 'म्हणितले', 'ऐसे' या शब्दांवरूनच वाचकास कळत असे.

स्वाध्याय : आजीने शनिवारी आर्वीच्या बाजारात सांगितले, "मी परवा येथेच भेटेन, तू तुझी वही घेऊन ये." हा निरोप तुम्हांला रविवारी पुलगावात तुमच्या धाकट्या बहिणीला द्यावयाचा आहे. तो अप्रत्यक्ष कथनात लिहा. नंतर इंग्रजीत लिहा आणि दोन्ही ठिकाणी कोणकोणते शब्द पालटले, ते ताडून पाहा.