खालचे काम: रोजच्या गाडीसाठी सस्पेन्शन निवडताना

मोटारीच्या सस्पेन्शनमध्ये दोन वेगळे भाग दोन वेगळी कामे करतात. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि चाकाला खड्ड्यात उतरायची, उंचवट्यावर चढायची मुभा देते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या बोलीतला शॉकअप, वजन पेलण्यासाठी नसतोच. दबून उसळणाऱ्या स्प्रिंगचे हेलकावे तो आतल्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलून जिरवतो आणि त्या हालचालीची उष्णता करून बाहेर टाकतो. नुसत्या स्प्रिंगवर चालणारी गाडी एका गतिरोधकानंतर बराच वेळ झुलत राहील. म्हणून शॉकअप बदलल्याने बसलेली गाडी उचलली जात नाही आणि स्प्रिंग बदलल्याने झुलणे थांबत नाही. बाजारातले बहुतेक फसलेले सौदे या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतात. प्रस्तुत लेखकाचाही असाच झाला होता.

निवड करताना रस्ता आधी पाहावा लागतो. जळगाव ते धुळे हे अंतर साधारण नव्वद-पंचाण्णव किलोमीटरचे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ आणि आता ५३ या क्रमांकाने ओळखला जाणारा हा रस्ता बांभोरीजवळ गिरणा ओलांडतो, मग पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे असा धुळ्यात पोचतो. तरसोद ते फागणे या टप्प्याचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या काळात रोज ये-जा करणाऱ्यांनी वळणरस्ते, अर्धवट पुलांच्या कडा आणि उखडलेली खडी पुरेपूर अनुभवली. रस्ता नवा झाला तरी त्याखालची जमीन तीच आहे. खानदेशची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, त्यामुळे वर घातलेल्या डांबराला हळूहळू लांब झोल पडतात. गावातले गतिरोधक हा आणखी वेगळा विषय. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सहज पार होतो. गावोगाव आढळणारे गतिरोधक मात्र पुष्कळदा याच्या निम्मेही रुंद नसतात, आणि उंचीला कमी नसतात.

असा रस्ता सस्पेन्शनची दोन प्रकारे परीक्षा घेतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. रस्त्यावरचे झोल १७-१८ मीटर लांबीचे असले तर गाडीला सेकंदाला सव्वा वेळा वर-खाली हेलकावा मिळतो. मोटारीचे शरीर स्वतःच्या स्प्रिंगवर झुलते तेही साधारण याच गतीने, सेकंदाला एक ते दीड वेळा. दोन्ही जुळले की हेलकावा वाढत जातो आणि त्याला आवरणे हे शॉकअपचे काम. दुसरीकडे खड्ड्याची धार आणि अरुंद गतिरोधक चाकाला एकदम वर फेकतात. तिथे मऊ स्प्रिंग, चाकाला वर यायला मोकळी जागा आणि टायरची जाड बाजू कामी येते. आरामदायी सस्पेन्शनला या दोन्ही परीक्षा एकाच वेळी द्याव्या लागतात.

प्रस्तुत लेखकाची एमएच-१९ पासिंगची हॅचबॅक आठवड्याचे पाच-सहा दिवस या रस्त्यावर धावत असे. ऐंशी हजार किलोमीटरच्या आसपास ती झोलावर दोन-तीन वेळा उसळू लागली आणि वळणावर जास्त कलू लागली. ही शॉकअप थकल्याची सरळ खूण होती. निदान मात्र ‘स्प्रिंगा मऊ पडल्या’ असे झाले, आणि त्यावर उपाय म्हणून गाडी ३५ मिलिमीटर खाली आणणाऱ्या कडक, स्पोर्ट प्रकारच्या स्प्रिंगा बसवल्या गेल्या. शॉकअप जुनेच राहिले. शहरातल्या रुंद, गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटे चालवून पाहिल्यावर गाडी ठाम वाटली. तिसऱ्या दिवशी चार माणसे आणि सामान घेऊन पारोळ्याच्या पुढे जाताना मागची बाजू प्रत्येक गतिरोधकावर धाडकन आपटू लागली. आपटणे थांबावे म्हणून मागच्या स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत रबरी बफर घातले, ही दुसरी चूक. चार महिन्यांत पुढच्या दोन्ही शॉकअपमधून तेल गळू लागले. घरातली वयस्कर माणसे मागच्या सीटवर बसायला नाही म्हणू लागली, आणि या सगळ्या प्रकरणातली सर्वांत खंत वाटायला लावणारी गोष्ट तीच होती.

असे का झाले ते आकड्यांत पाहता येते. समजा पुढच्या एका चाकावर ३०० किलो वजन आहे आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा दर मिलिमीटरला २० न्यूटन आहे. गाडीचा तो कोपरा सेकंदाला सुमारे १.३ वेळा झुलेल. स्प्रिंग तीस टक्के कडक केली की हाच आकडा सुमारे दीडवर जातो. वाढ थोडी दिसते; पण त्याच शॉकअपची आवरण्याची ताकद कडक स्प्रिंगच्या मानाने बाराएक टक्क्यांनी कमी पडते, आणि थकलेल्या शॉकअपला तेवढी तूट झेपत नाही. त्याहून मोठे नुकसान मोकळ्या जागेचे होते. चाकाला वर यायला मुळात ७५ मिलिमीटर जागा असेल आणि गाडी ३५ मिलिमीटर खाली बसली, तर उरतात फक्त ४०. ती संपली की शॉकअपच्या दांडीवरचा बंप स्टॉप दाबला जातो, आणि तेव्हा गाडी जणू स्प्रिंगविना चालते. रबरी बफरने हे सुधारत नाही. तो वेटोळ्यांना दबू देत नाही, म्हणून स्प्रिंग आणखी कडक होते आणि वेटोळ्यांवरचा ताण एकाच जागी साचतो. माणसाचे शरीर उभ्या हादऱ्यांपैकी सेकंदाला चार ते आठ वेळा येणाऱ्या हादऱ्यांना सर्वांत कमी सहन करते; आयएसओ २६३१ हे मानक याच आधारावर हादरे मोजते. आखूड जागेत आपटणाऱ्या गाडीतून नेमका असा खडखडाट पाठीपर्यंत पोचतो.

म्हणून काही विकत घेण्याआधी जुन्या भागांची खात्री करून घ्यावी. गाडी वर उचलून शॉकअपवर ओल आहे का, धुळीचे रबरी आवरण फाटले आहे का, हे पाहावे. खानदेशातली धूळ आणि पावसाळ्यातला काळा चिखल दांडीवर बसला की सील झिजते, त्यामुळे फाटके आवरण हे गळतीच्या आधीचे लक्षण आहे. ‘खटखट’ असा आवाज बहुधा लिंक रॉड, बुश किंवा बॉल जॉइंटचा असतो. त्यासाठी शॉकअप बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे. टायरवर जागोजागी खोलगट झीज दिसली तर मात्र शॉकअपवर शंका घ्यावी. टायरची हवाही याच वेळी तपासावी, ती थंड टायरमध्ये आणि दरवाजाच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे. मे महिन्यात जळगावचे तापमान ४५ अंशांपर्यंत जाते. तापलेल्या टायरची हवा मोजून कमी केली की सकाळी ती कमी पडते.

आता निवड. रोजच्या, माणसांनी भरलेल्या गाडीला मूळ उंचीच्या आणि मूळ कडकपणाच्या स्प्रिंगा राखणे हेच बहुतेक वेळा योग्य. त्या बसलेल्या किंवा तुटलेल्या असतील तर त्याच भाग क्रमांकाच्या नव्या घ्याव्यात. शॉकअपमध्ये जोडनळी आणि एकनळी असे दोन मुख्य प्रकार आहेत. जोडनळीत आतली आणि बाहेरची अशा दोन नळ्या असतात. बाहेरच्या नळीला खड्याने पोचा आला तरी आतला पिस्टन सुरक्षित राहतो, आणि चालही मऊ असते. एकनळीत जास्त दाबाचा वायू असतो, तेल लवकर थंड होते, पण लहान खड्ड्यांवर चाल कडक लागते आणि नळीला पोचा आला की शॉकअप निकामी होतो. घाटात, जड सामान लादून सतत पळणाऱ्या गाडीला एकनळीचा उपयोग आहे. जळगाव–धुळ्याच्या घरगुती गाडीला चांगला जोडनळी वायुभरित शॉकअप पुरतो. गॅब्रिएल इंडिया ही १९६१ पासूनची भारतीय कंपनी, शिवाय मन्रो आणि केवायबी, यांचे मूळ दर्जाचे भाग मिळतात. बिल्स्टाइनच्या बाबतीत नाव एकच असले तरी बी४ हा मूळ भागाच्या जागी बसणारा, बी६ कडक, आणि बी८ खाली केलेल्या गाडीसाठी असतो, हे ऐकीव शिफारशींत हमखास गाळले जाते. उंची व कडकपणा बदलता येणारे कॉइलओव्हर या कामासाठी नकोत. त्यांतल्या बऱ्याच संचांत वरच्या माउंटमध्ये रबराऐवजी धातूचा सांधा असतो आणि प्रत्येक खड्याचा आवाज आत येतो.

टायरचा आकार या प्रश्नात सहसा मोजला जात नाही, पण तो मोठा भागीदार आहे. १८५/६५ आर १५ टायरची बाजू सुमारे १२० मिलिमीटर उंच असते. त्याऐवजी १९५/५५ आर १६ बसवला तर बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो, पण बाजू १०७ वर येते. चाक दिसायला मोठे होते आणि रबराची गादी १३ मिलिमीटरने पातळ. प्रस्तुत लेखकाने शेवटी मूळ स्प्रिंगा परत बसवल्या, चारही शॉकअप नवे घेतले, बफर काढून टाकले आणि १५ इंची चाकांवरच राहिला. पारोळ्याच्या पुढचे आपटणे त्या दिवसापासून थांबले.

बसवण्याच्या कामावर निम्मा निकाल अवलंबून असतो. शॉकअप पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही असे जोडीने बदलावेत. एक नवा आणि एक जुना असला तर ब्रेक लावताना गाडी ओढते. स्ट्रट माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप आणि आवरण त्याच वेळी नवे घ्यावे, कारण मजुरी तीच लागते. सर्वांत दुर्लक्षित मुद्दा असा की लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे कसावेत. चाके लोंबकळत असताना कसले तर जमिनीवर येताच रबर पिळले जाते आणि काही महिन्यांत फाटते. मेकॅनिककडे ही मागणी आवर्जून करावी, आणि शक्य असेल तर समोर उभे राहून. त्यानंतर व्हील अलाइनमेंट.

कायद्याची बाजूही आहे. नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली करता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कापलेल्या स्प्रिंगा तर कोणत्याही कायद्याआधीच धोकादायक असतात, कारण टोक बैठकीत नीट बसत नाही. मूळ दर्जाचा भाग मूळ जागी बसवला तर हा प्रश्न उद्भवत नाही. बिल आणि भाग क्रमांक जपून ठेवावेत.

चाचणी शोरूमभोवतीच्या रस्त्यावर न करता रोजच्या रस्त्यावर करावी, तीही घरच्या माणसांसह आणि नेहमीच्या सामानासह. झोलावर ताशी ८० ने गाडी एकदाच बसून स्थिर झाली पाहिजे, आणि गावच्या गतिरोधकावर हळू जाताना खालून आपटल्याचा आवाज येता कामा नये. हजारेक किलोमीटरनंतर स्प्रिंग किंचित बसते. तेव्हा बोल्ट पुन्हा कसून, अलाइनमेंट परत तपासून घ्यावे.