पहिले सहा आठवडे प्रत्यक्षच जा

चि. अमेय,


गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन नीट झालं, हे तुझ्या आईकडून कळलं. सोमवारपासून घरून काम सुरू करणार आहेस आणि व्यायामही व्हिडिओवरच घेणार आहेस म्हणे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सकाळ घालवणं जिवावर येतं, हे मला समजतं. तरीही पहिले सहा आठवडे तू फिजिओकडे प्रत्यक्षच जावंस, असं मला कळकळीने वाटतं.

या दिवसांत जो तो गुडघा किती वाकतो तेच विचारतो. मी आधी तो पूर्ण सरळ होतो का ते बघते. रुग्णाला पालथं झोपवून पाय पलंगाबाहेर सोडले, की ऑपरेशनच्या पायाची टाच कधी कधी दुसरीपेक्षा बोटभर वर राहते. कॅमेऱ्यात हा फरक सहज निसटतो. मग लंगडायची सवय लागते आणि महिन्या-दोन महिन्यांनी तोच पाय ताठ करणं फार जड जातं. वाटी चारही बाजूंना मोकळी सरकते का, सूज गरम आहे का, मांडीचा पुढचा स्नायू खरंच आवळतोय की पाय नुसता कमरेतून उचलला जातोय, हे हाताखालीच नीट कळतं.

म्हणून ऑनलाइनला मी कमी लेखते असं नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये गुडघेरोपण झालेल्या 205 जणांवर अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2015 साली आले आणि घरबसल्या व्हिडिओवर व्यायाम केलेले प्रत्यक्ष उपचार घेणाऱ्यांच्या मागे नव्हते. अमेरिकेत 2019 साली पक्षाघाताच्या रुग्णांच्या हातासाठीही तसंच दिसलं. पण तिथे 70 मिनिटांची 36 सत्रं आखलेली होती आणि रुग्णांनी ती जवळजवळ सगळी पार पाडली. नोकरी करणाऱ्यांचं घोडं नेमकं इथेच अडतं. दोन मीटिंगच्या मध्ये उरलेल्या वेळात व्यायाम बसवू नकोस. कॅलेंडरवर वेळ राखून ठेव आणि साहेबांना तसं स्पष्ट सांग.

सहा आठवड्यांनंतर फिजिओ हो म्हणाले, तर मधले महिने खुशाल व्हिडिओवर काढ. लॅपटॉप टेबलावर ठेवलास तर त्यांना तुझी छातीच दिसेल. फोन गुडघ्याच्या उंचीवर ठेव, हाफ पँट घाल, प्रत्येक व्यायाम आधी चांगल्या पायाने करून दाखव. उठबशा समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून दाखव. गुडघा आत झुकतो तो समोरूनच दिसतो.

फुटबॉलचं आत्ता नावही काढू नकोस. नॉर्वेमधल्या 2016 सालच्या एका अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितके महिने लांबवला, तितकी दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत व्हायची शक्यता जवळजवळ निम्मी झाली. मैदानावर उतरण्याआधी ताकदीची आणि एका पायावर उड्या मारण्याची चाचणी समोरासमोरच होऊ दे.

आणि पोटरी सुजून दुखायला लागली, ताप आला किंवा जखम पाझरू लागली, तर व्हिडिओची वेळ येईपर्यंत थांबू नकोस. त्याच दिवशी सर्जनना दाखव. दम लागला किंवा छातीत दुखलं, तर तडक इस्पितळ गाठ.

ऑपरेशनच्या नोट्स आजच फिजिओंना पाठव. लिगामेंटबरोबर गुडघ्यातली गादीही शिवली असेल, तर पाय किती वाकवायचा आणि त्यावर किती भार द्यायचा याची बंधनं वेगळी असतात. त्या कागदाचा फोटो मलाही पाठव, म्हणजे रविवारी फोनवर नीट बोलता येईल.

तुझी,
आत्या