मॉनिटर बदलण्याआधी एक डोळा झाका

आधी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांचा डॉक्टर, हा क्रम हल्ली दवाखान्यात वारंवार दिसतो. स्क्रीनवरच्या रेघा वाकड्या दिसतात, मधेच काळा डाग येतो, कडेला काहीतरी लखलखतं. मग केबल बदलली जाते, ड्रायव्हर नव्याने टाकला जातो, शेवटी मॉनिटरही नवा येतो. दोष जिथल्या तिथे. "नवा मॉनिटरसुद्धा खराब निघाला हो," असं सांगणाऱ्याला मी एकच विचारतो, "एकेक डोळा झाकून पाहिलंत का?" उत्तर जवळजवळ नेहमीच 'नाही' असं येतं.

स्क्रीनवर दिसतं म्हणजे बिघाड स्क्रीनमध्येच, हा समज फार चिवट आहे. तो का होतो, हे मला कळतं. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकून नेतो. बाजारात, टीव्हीसमोर काही जाणवत नाही. कॉम्प्युटरवर मात्र उजळ पांढऱ्यावर सरळ रेघा आणि बारीक अक्षरं असतात, आणि आपण तासन्‌तास तिथेच बघत असतो. मार्क आम्सलर या स्विस नेत्रतज्ज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक तक्ता आम्ही डोळ्याचा पडदा तपासायला वापरतो. बारीक चौकोनांची जाळी आणि मधोमध एक ठिपका, एवढाच तो असतो. एक्सेलची शीट याहून फार वेगळी नाही. म्हणून पडद्याचा आजार बऱ्याचदा पहिल्यांदा कॉम्प्युटरवरच लक्षात येतो, आणि दोष मात्र यंत्राच्या माथी जातो.

निवृत्तीनंतर घरून जीएसटीची कामं करणारे साठी ओलांडलेले एक गृहस्थ आले होते. आकड्यांचे रकाने मधोमध फुगलेले दिसायचे. भाच्याने सेटिंग बदलून दिलं, मग मॉनिटर बदलला. कुणीतरी डोळ्यात मध घालायला सांगितलं, तेही झालं. यात काही महिने गेले. एक दिवस बायकोला ते म्हणाले, "खिडकीचे गज वाकलेत का गं?" गज सरळच होते, आणि त्या बाई त्यांना तशाच घेऊन आल्या. डावा डोळा झाकल्यावर सगळं ठीक होतं, उजवा झाकल्यावर जाळी लाटांसारखी दिसत होती. डाव्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी नको असलेल्या रक्तवाहिन्या वाढून पाणी झिरपत होतं. यावर डोळ्यात इंजेक्शन देता येतं. ते दिलं आणि आजार थांबला, पण वाचायची जी नजर गेली होती ती सगळी परतली नाही. सुरुवातीलाच आले असते तर बरीच वाचवता आली असती. हे लिहिताना मला आजही वाईट वाटतं, कारण एक डोळा झाकायला पैसा लागत नाही.

तेव्हा घरी एवढं करा. वाचायचा चष्मा असेल तर तो लावा. एक डोळा तळहाताने दाब न देता झाका, स्क्रीनवरच्या सरळ रेघेकडे बघा, मग दुसऱ्या डोळ्याने तेच करा. नंतर नजर भिंतीकडे, दाराच्या चौकटीकडे न्या. दोष नजरेबरोबर भिंतीवर आला किंवा एकाच डोळ्याला दिसला, तर मॉनिटरला हात लावू नका, डोळे तपासून घ्या. दोन्ही डोळ्यांना सारखाच, फक्त स्क्रीनवर आणि एकाच जागी दिसत असेल, तर बिघाड बहुधा यंत्राचा आहे. शंका असेल तर स्क्रीनशॉट घेऊन मोबाइलवर दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. त्यात दोष उमटला तर तो ग्राफिक्सचा किंवा सॉफ्टवेअरचा. नाही उमटला तर केबल, मॉनिटर किंवा तुमचा डोळा. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून मात्र निष्कर्ष काढू नका. चांगल्या स्क्रीनच्या फोटोतही पट्टे येतात. नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्यांना कडेच्या रेघा वाकड्या दिसतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बहुतेकांचा त्रास साधाच निघतो. अक्षरं धूसर होतात आणि पापणी मिटली की स्वच्छ दिसतात, हा कोरडेपणा. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी मिटतो, स्क्रीनसमोर हे प्रमाण निम्म्याहून खाली येतं. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नका, स्क्रीन हातभर लांब आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली ठेवा, दर २० मिनिटांनी लांब बघा. कॉम्प्युटरमुळे डोळ्याचा पडदा जळत नाही, ही भीती मनातून काढून टाका. नागमोडी, चमचमती रेघ हळूहळू पसरली, डोळे मिटूनही दिसली आणि तासाभरात विरली, तर ती बहुधा अर्धशिशीची. पण पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं झालं तर तपासून घ्या.

आता थांबायचं नाही अशी लक्षणं. अचानक काळ्या ठिपक्यांचा किंवा धाग्यांचा पाऊस, अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं दिसणं, एका बाजूने सावली चढत येणं: पडदा फाटला किंवा सुटत असेल तर असं होतं. त्याच दिवशी दाखवा. मोठा उणे नंबर असलेल्यांनी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी, डोळ्याला मार लागलेल्यांनी तर तासभरही घालवू नये. मधुमेह्याच्या डोळ्यात रक्तस्राव झाला तरी असेच धागे दिसतात. डोळा लाल, असह्य दुखणं, उलटी आणि दिव्याभोवती रंगीत वलयं असतील तर तीही तातडीची वेळ. आणि स्क्रीनची उजवी किंवा डावी अर्धी बाजू अचानक दिसेनाशी झाली, किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर माझ्याकडे येऊ नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा, कारण तो मेंदूचा झटका असू शकतो.

उपायांच्या बाबतीत मात्र मला राग आवरत नाही. निळा प्रकाश अडवणारे चष्मे सरसकट खपवले जातात. २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा अशा काचांनी डोळ्यांचा थकवा साध्या काचांपेक्षा कमी होत असल्याचं आढळलं नाही. पैसे तुमचे आहेत, पण तो चष्मा घेऊन तपासणी टाळू नका. मध, गुलाबजल, तूप, कसलाही रस डोळ्यात घालू नका, जंतुसंसर्गाने बुबुळावर जखम होते. सगळ्यात घातक म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टेरॉइडचे थेंब. लाली लगेच उतरते, म्हणून लोक ते महिनोन्‌महिने घालत राहतात, आणि आतला दाब वाढून काचबिंदूने गेलेली नजर कुणालाही परत आणता येत नाही. घरात जुनी बाटली असेल तर आजच टाकून द्या.

मधुमेह असेल तर नजर उत्तम असतानाही वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. येताना जुना चष्मा, चालू औषधांची यादी आणि शेवटचे साखरेचे रिपोर्ट आणा. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हात डोळे दिपतात. म्हणून दुचाकी चालवत येऊ नका, घरातल्या कुणाला तरी सोबत आणा.